नखाच्या मुळाशी

सोमवार, ४ मार्च

सगळं बदललं ते बागेतल्या बाकावर. तिने माझा हात हातात घेतला, उलटा केला, बोटांकडे पाहिलं आणि तो माझ्याच मांडीवर परत ठेवला. दुकानात वस्तू उचलून, निरखून, पुन्हा फळीवर ठेवतात ना, तसा. "किती कुरतडतोस रे," म्हणाली. मग म्हणाली, "मला वाटतं आपण थांबू या."

दुसरं वाक्य पहिल्यातूनच निघालं याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. महिना झाला, डोकं फुटेस्तोवर विचार केला. दुसरं कारणच सापडत नाही. भांडणं तर आमची पहिल्यापासून व्हायची. तिचा फोन मी भिंतीवर आपटला होता, पण ते केव्हाच मिटलं होतं. काचही मीच बदलून आणली होती.

कॉलेज सुटलं ते त्याच आठवड्यात. सर फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. मागून कोणीतरी माझ्याकडे बघून हसलं. निदान मला तसं वाटलं. मी बाक उलटवला आणि बाहेर पडलो. कोणी परत बोलावलं नाही आणि मीही गेलो नाही. विषय संपला.

आता एकच काम. बोटं बरी करायची. बरी झाली की तिच्यासमोर धरायची. बोलायची गरजच पडणार नाही.

बुधवार, ६ मार्च

ताईला सांगितलं. म्हणजे बोटांचं सांगितलं, तिचं नाही. पण ताई तिला ओळखते. ती माझ्या आयुष्यात आली तीच ताईची गिऱ्हाईक म्हणून. ताई सासरहून कायमची परत आल्यापासून बाहेरची खोली तिच्या धंद्याची आहे: छोटं टेबल, त्यावर उशी, उशीवर टॉवेल, समोरासमोर दोन खुर्च्या आणि खिडकीत रंगांच्या बाटल्या. मागच्या वर्षी ती नखं करायला आली, दार मी उघडलं, आणि झालं.

"बस भडक्या," ताई म्हणाली. "हात ठेव उशीवर. बापरे! उंदीर पाळलायस का?"

"शिकव मला. घरच्या घरी काय करायचं ते."

ताईने दिवा जवळ ओढला. नखाच्या मुळाशी जी पातळ कातडी असते तिला क्युटिकल म्हणतात. लोकांना वाटतं ती उगाच वाढलेली, कापून टाकायची गोष्ट. ताई म्हणाली, खिडकीच्या काचेभोवती पुट्टी भरलेली असते ना, तसं तिचं काम आहे. पुट्टी उकरली की आत पाणी शिरतं. घाण जाते. नखुरडं होतं, पू धरतो, ठणका लागतो.

"आणि तू पुट्टी खातोयस. चवीने."

मग नियम सांगितले. हात कोमट पाण्यात बुडवायचे. कातडी मऊ झाली की टॉवेलच्या कोपऱ्याने किंवा लाकडी काडीने हळूच मागे सारायची. सारायची, ढकलायची नाही. बदामाचं तेल चोळायचं. सुटलेलं सालपट असेल तेवढंच कात्रीने मुळाशी कापायचं, ओढायचं नाही. जिवंत कातडीला हात लावायचा नाही. आणि धीर धरायचा, नख आपल्या गतीने वाढतं.

"तोच तुझ्याकडे नाही," ताई म्हणाली.

"काय?"

"धीर."

मी उठलोच होतो. तिने मनगट धरून बसवलं. तिने हातमोजे घातले होते. पातळ, निळे. आधी कधी घालायची नाही.

शुक्रवार, ८ मार्च

बाबा पेपर वाचत होते. मी समोर वाडग्यात बोटं बुडवून बसलेलो.

"काय चाललंय विद्वान?"

"काही नाही."

"इंजिनियर होणार होतात आपण. आता बोटं भिजत घातलीत. उद्या मोड येतील."

वाडगं तिथेच उलटं करावंसं वाटलं. केलं नाही. पाणी सांडलं असतं तर पुन्हा गरम करावं लागलं असतं. बाबांना कळत नाही की हा माझा अभ्यासच आहे.

दुपारी रोजच्या जागी. ती काम करते त्या चष्म्याच्या दुकानासमोरचा फुटपाथ, झेरॉक्सवाल्याच्या शेजारचा खांब. दुकानाला पुढून पूर्ण काच आहे, त्यामुळे ती नीट दिसते. गिऱ्हाइकाच्या कानामागे फ्रेम बसवताना ती बोटांची फक्त टोकं वापरते. मी काही करत नाही. हाक मारत नाही, रस्ता ओलांडत नाही. उभा राहतो. इतकं साधं प्रेम कोण करतं आजकाल?

मंगळवार, १२ मार्च

उजव्या हाताचा अंगठा भरतोय! कडेची लाल भेग मिटली. नखाच्या मुळाशी बारीक, पारदर्शक कड दिसते. मी दिव्याखाली धरून बघत बसलो. स्वतःच्या अंगावर काहीतरी चांगलं होताना पहिल्यांदाच बघतोय.

डाव्या हाताची करंगळी मात्र काल खाल्ली. दुकानात आता तिला आतल्या खोलीत बसवलंय. काचेतून दिसत नाही. मालकाने मुद्दाम केलं असणार, त्याची नजर मला आधीपासून आवडत नाही. बिचारी दिवसभर खिडकी नसलेल्या खोलीत, लेन्सा घासत. मी संध्याकाळपर्यंत उभा राहिलो. ती बाहेर पडली, माझ्याकडे न बघता रिक्षात बसली. आधी चालत जायची. पाय दुखत असतील.

शनिवार, १६ मार्च

बँकेतल्या काकू आल्या होत्या. ताईची सर्वांत जुनी गिऱ्हाईक, आणि सर्वांत मोठा आवाज. मी कोपऱ्यात तेल चोळत होतो.

"अगंबाई, भाऊ पण लागला का धंद्याला? आमच्या ह्यांची पायाची नखं कापशील का रे? कटर मोडतो, नख मोडत नाही."

"काकू, डावा हात द्या," ताई म्हणाली.

"देते गं. पण तुझ्या हाताला काय झालंय? हातमोजे कशाला?"

"नवीन पद्धत आहे."

"आणि हे मनगटावर? पुरळ आलंय की."

"घाम हो. डावा हात."

काकू गेल्यावर मी ताईला म्हटलं, माझी करंगळी बघ. ती म्हणाली उद्या. मी म्हटलं, तुला सगळ्या जगासाठी वेळ आहे, सख्ख्या भावासाठी नाही. ती हातमोजे काढून नळाखाली हात धरून उभी राहिली, पाठमोरी. बराच वेळ. पाणी नुसतं वाहत होतं. एवढं पाणी वाया घालवणारी बाई नाही ती.

गुरुवार, २१ मार्च

आजचा दिवस सोन्याचा!

नऊ बोटं तयार आहेत. करंगळी राहिली, पण ती मुठीत दडवता येते. सकाळी हात भिजवले, काडी फिरवली, तेल पुसलं. स्वच्छ शर्ट घातला. दुकानात शिरलो. मालक जेवायला गेला होता हे बघूनच शिरलो. तिला बाहेर यावंच लागलं, काउंटरवर दुसरं कोणी नव्हतं.

"नंबर तपासायचाय?" तिने विचारलं. अनोळखी माणसाला विचारतात तसं.

मी दोन्ही हात काचेच्या काउंटरवर ठेवले. "बघ."

ती बघत राहिली. हातांकडे नाही, आधी दाराकडे. मग हातांकडे.

"छान झालीत," म्हणाली. "आता जा. प्लीज."

छान झालीत! तिने स्वतः म्हटलं. 'प्लीज' पण म्हटलं, आणि आवाज थरथरत होता. माझ्या लक्षात आलं ते. तिचे हात काउंटरखाली होते, म्हणून दिसले नाहीत.

घरी येऊन ताईला उचलून गिरकी घेणार होतो. तिने हात असे वर धरले, जणू मी तिला पिस्तूल दाखवलंय. "हातांना लागेल रे." दोन्ही हातांना मलम फासलेलं. त्वचेच्या डॉक्टरकडे जाऊन आली म्हणे. मी विचारलं, काय म्हणाला? "म्हणाला, जपा." मग म्हणाली, "कॉलेजात जाऊन एकदा बोलशील का? नुसतं विचारून तर बघ." आजच्या दिवशी कॉलेजचा विषय काढला. हिला वेळेचं भानच नाही.

सोमवार, २५ मार्च

सगळं आत्ताच लिहून काढतो.

दुकान सुटायच्या वेळी खांबापाशी होतो. ठरवलं होतं, आज रस्ता ओलांडायचा. तेवढ्यात एक मोटारसायकल येऊन थांबली. वळणावरचा गॅरेजवाला. ती बाहेर आली आणि त्याने हात पुढे केला, चढायला आधार म्हणून. तिने तो धरला. मी इतक्या जवळ होतो की मला त्याची नखं दिसली. काळी. नखांच्या मुळाशी, कडांना, प्रत्येक रेषेत ऑइल मुरलेलं. अंगठ्याचं नख तर हातोडा बसून निळं पडलेलं. क्युटिकल म्हणून काही नावालाही शिल्लक नाही.

आणि तिने तो हात धरला. धरून ठेवला. मोटारसायकल निघाली तरी.

मी घरी येऊन बदामाच्या तेलाची बाटली मोरीत फोडली. बाबा म्हणाले, "झालं का शिक्षण पूर्ण?" मी काय बोललो ते लिहीत नाही. ताईने काचा गोळा केल्या. बाबा ओरडले, "अगं, निदान हातमोजे तरी घाल!" ती म्हणाली, "ते घातले की आग होते."

मंगळवार, २६ मार्च

गॅरेजवर गेलो. तो एका गाडीखाली आडवा होता. मी पायानेच हाक मारली. तो सरपटत बाहेर आला, उठला, त्याने चिंधीला हात पुसले, ओळख नसताना शेकहँडला हाताऐवजी मनगट पुढे केलं. "हात मळलेत. हे धरा."

मी नाही धरलं. तो माझ्याकडे बघत राहिला.

"तू तो," म्हणाला. "खांबाचा."

"मी तिचा..." पुढचा शब्दच सापडेना.

"माहितीये मला. तिने सांगितलंय सगळं." आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं. "मित्रा, ती चालत घरी जायची. तुझ्यामुळे रिक्षा करायला लागली. मग मी न्यायला लागलो. आता घरी जा."

मी ऑइलचा डबा लाथेने उडवला. सगळीकडे काळं. तोंडाला येईल ते बोललो, त्याच्या नखांवरून बोललो. हो, नखांवरून! तो आपल्या हातांकडे बघून हसला. त्याला खरंच हसू आलं. "हे होय? तिला चालतं," म्हणाला आणि फडकं घेऊन फरशी पुसायला लागला.

भित्रा आहे. दुसरा कोणी असता तर कानाखाली वाजवली असती. असल्या माणसाबरोबर ती किती दिवस टिकणार?

रस्त्याने येताना दाताखाली काहीतरी आलं. अंगठा. बारा तारखेला भरलेला तोच.

शनिवार, ३० मार्च

ती बाहेरच्या खोलीत बसली आहे. मी आत, स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही ठेवून लिहितोय. मध्ये फक्त पडदा आहे. पटपट लिहितो.

बेल वाजली तेव्हा मला वाटलं बँकेतल्या काकू. दार उघडलं तर ती. मागच्या वर्षीसारखीच, उंबऱ्याबाहेर, पर्स छातीशी धरून. मी बाजूला झालो. माझ्या अंगाला अंग लागू नये म्हणून ती दाराला घासून आत आली.

"ताई आहेत?"

ताई आली. दोन्ही हात पांढऱ्या पट्टीत. तिने ते मागे नेले. "ये गं. पण मी सध्या काम घेत नाहीये."

"काम नाहीये, ताई. तुमच्या समोर बोलायचंय. याच्याशी."

ती आपल्या जुन्या खुर्चीत बसली. ताईने मला डोळ्यांनीच समोरची खुर्ची दाखवली, स्वतःची. मी खुर्ची पुढे ओढून बसलो. वाटलं, गॅरेजवाल्याशी बिनसलं. वाटलं, बोटं बघून विचार बदलला. अंगठा मुठीत लपवला आणि बाकीची बोटं उशीवर पसरली.

तिने पर्स बाजूला ठेवली. उजवा हात टॉवेलवर ठेवला, पालथा.

मी माझा हात पुढे केला.

"हात लावू नकोस. नुसतं बघ."

मी बघितलं. दिवा लावायची गरजच पडली नाही. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. नखाच्या दोन्ही कडा उकरलेल्या, ओल्या, लाल. मुळाशी कातडीच नाही, फाटून मागे गेलेली. अंगठ्याच्या कोपऱ्यात सूज, आत पिवळसर. नखुरडं. नखावर आडव्या लाटा. अशी लाट एका दिवसात येत नाही, मुळाशी पुन्हा पुन्हा इजा झाली तरच येते. ताईने शिकवलंय मला. आणि हे सगळं माझ्या ओळखीचं होतं, अगदी कोणत्या बाजूने दात लागतो तिथपर्यंत.

"तुझी बोटं अशी नव्हती," मी म्हणालो.

"नव्हती."

"कधीपासून?"

"आठव तूच. तू त्या खांबापाशी उभा राहायला लागलास तेव्हापासून."

पंखा फिरत होता. खिडकीतल्या बाटल्या बारीक किणकिणत होत्या.

"मी काही करत नव्हतो," मी म्हटलं. "कधी जवळसुद्धा आलो नाही."

"हो ना. रोज काही करत नव्हतास. मी आतल्या खोलीत बसून दिवसभर विचार करायचे, आज करेल का." तिचा आवाज सपाट होता. पाठ करून आली असावी. "बागेत मी बोटांबद्दल बोलले, कारण दुसरं बोलायची भीती वाटत होती. फोन आपटलास ना, त्या दिवसापासून वाटत होती. बोटांचं काही नव्हतं रे. तू ती बरी करून दुकानात आलास आणि काउंटरवर ठेवलीस, तेव्हा मी खाली हाताने धोक्याच्या घंटेचं बटण शोधत होते."

मी ताईकडे बघितलं. ताई माझी बाजू घेते. शाळेत काच फोडली तेव्हा, बाबांनी पट्टा काढला तेव्हा, कॉलेजचं कळलं तेव्हा. मी थांबलो, ती आता बोलेल म्हणून.

ताईने हाताची पट्टी सोडली. दाताने गाठ ओढली आणि सोडली. दुसरीही. पहिल्यांदाच तिचे उघडे हात नीट पाहिले. टोकं सोललेली, कच्ची, भेगांत रक्त. नखं काही ठिकाणी खालच्या कातडीपासून सुटून वर आलेली. रंग, जेल, पावडर, सगळ्यांनी मिळून खाल्लेली. 'जपा' म्हणाला होता डॉक्टर. ताईने पुढचं वाक्य सांगितलं नव्हतं, पण हात बघून ते मला वाचता आलं. हा धंदा संपला. कधीचाच.

"ऊठ," ताई मला म्हणाली. मी तिची खुर्ची रिकामी केली. ती बसली, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "आधी कोमट पाणी. मग बघू. डॉक्टरला दाखवावंच लागेल हे, पू आहे. थोडं दुखेल."

"तुमचे हात, ताई..."

"माझे राहू देत."

टॉवेलवर दोघींचे हात. माझे हात कुठे ठेवायचे तेच कळेना. खिशात घातले.

मग ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाणी आण आणि मग बाहेर जा. तिला न्यायला माणूस येईल, त्याआधी. आणि बाहेर म्हणजे तिच्या रस्त्यावर नाही."

पाणी दिलं. ते घ्यायलाच आत आलो होतो, पडद्यातून देऊन इथेच थांबलो. जायच्या आधी लिहितोय.

पडद्यापलीकडे ती "आई गं" म्हणाली आणि ताई म्हणाली, "झालं, झालं." मलाही ताई असंच म्हणायची.

लिहायचं तसं काही राहिलं नाही. नऊ बोटं बरी झाली होती ते खरं आहे. मी ती खरंच बरी केली होती. ते कोणाला दाखवू?

ताईने हाक मारली. दुसऱ्यांदा.

अंगठा तोंडात आहे हे आत्ता कळलं. बाटली फोडून पाच दिवस झाले तरी बदामाच्या तेलाची चव अजून आहे असं वाटतं.

कुठे जायचं माहीत नाही. रोज दुपारी पाय आपोआप एकाच दिशेला जायचे, आज तिकडे कोणी नाही, ती तर इथे आहे, माझ्या घरात, माझ्या बहिणीसमोर. ती इथे निवांत बसावी म्हणून मी बाहेर. एवढं एकच मला तिच्यासाठी करता येण्यासारखं उरलंय.

त्या खोलीतून जावं लागेल. वर बघणार नाही. चप्पल दारापाशी आहे. वही इथेच ओट्यावर राहू दे.

दार आपटणार नाही. हळूच ओढून घेतो.